अवांतर खोलीतला दंड

हौशी फुंकर मंडळात चष्मेवालीचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासते, फ्रेममध्ये बसवते आणि गेली आठ वर्षं फावल्या वेळात ट्रम्पेट वाजवते, एवढी ओळख पुरेशी होती. मंडळ म्हणजे फोनवरचा एक ग्रुप. त्रेचाळीस माणसं, त्रेचाळीस ट्रम्पेटं, आणि त्यांच्या भिंतींपलीकडचे शेजारी, ज्यांची मोजदाद कुणी केली नव्हती. यातलं कुणीही पोटासाठी वाजवत नव्हतं. एक जण बेकरी चालवायचा, एक बाई शाळेत गणित शिकवायच्या, कुणी बँकेत, कुणी गॅरेजात. बहुतेकांच्या डोक्यात हे खूळ चाळिशी उलटल्यावर शिरलेलं. चष्मेवालीने घरी पहिली फुंकर मारली त्या दिवशी सासूबाईंनी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं होतं. पुढे सराव सुरू झाला की यंत्र डबीत आणि संपला की कानात, हा त्या घराचा शिरस्ताच पडला.

ग्रुपच्या दोन खोल्या होत्या. ‘सराव’ नावाच्या खोलीत ट्रम्पेटबद्दल बोलायचं आणि ‘अवांतर’ नावाच्या खोलीत बाकी सगळ्या जगाबद्दल. खरी गर्दी अर्थातच अवांतरमध्ये. कपडे धुतले की मोज्यांच्या जोडीतला एकच मोजा कुठे गायब होतो, यावर तिथे सलग अकरा दिवस वाद चालला होता. गणितबाईंनी त्याची शक्यता काढून दाखवली, बेकरीवाल्याने आपल्या मांजरावर संशय घेतला, चष्मेवालीने ‘मोजे पळून जात नाहीत, जोडीदाराला कंटाळतात’ असं लिहून नवऱ्याकडून बोलणी खाल्ली. शेवटी पंचांनी निकाल दिला, ‘सगळे मोजे एकाच रंगाचे घ्या. विषय संपला.’

पंच हे ग्रुपचे चालक. एकतीस वर्षं त्यांनी व्हॉलीबॉलच्या सामन्यांत उंच खुर्चीवर बसून शिट्टी वाजवली होती. निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, पण उंची काही उतरली नाही. अवांतरचा एकमेव नियम त्यांचाच: या खोलीत ट्रम्पेटचं नाव काढायचं नाही. नियमाला कारणही तसंच घडलं होतं. कुणी आपल्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगायला सुरुवात करायचा आणि चौथ्या ओळीला गाडी ओठांना लावायच्या माउथपीसच्या कडेवर घसरायची. मग पातळ कड बरी की जाड कड, यावर दोन तट पडायचे आणि वडिलांचा गुडघा तसाच राहून जायचा. तेव्हापासून ट्रम्पेट, त्याचे सुटे भाग, त्याचं तेल, त्याची पेटी, यातलं काहीही अवांतरमध्ये उच्चारलं की दंड. दंड असा की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत मधला जी, एका श्वासात, वीस सेकंद वाजवायचा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवायचा. मधला जी हा ट्रम्पेटवरचा सगळ्यात भोळा सूर. त्याला तिन्हीपैकी एकही बटण दाबावं लागत नाही. नुसते ओठ आणि श्वास. पण वीस सेकंद तो न हलता धरायचा म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. एकदा खुद्द पंचच चुकले होते. नाक चोंदलेलं असताना त्यांनी दंड भरला आणि तो ऐकून बेकरीवाल्याने, आपल्या मांजराने पोती सोडून माळा गाठला, असं कळवलं होतं.

तर अशा या मजेच्या दिवसांत एका सकाळी चष्मेवालीने चूळ भरली आणि पाणी तोंडात राहिलंच नाही. उजव्या कोपऱ्यातून सरळ खाली आलं. तिने आरशात बघितलं. तोंडाची डावी बाजू तिचीच होती. उजवी बाजू कुणीतरी खाली ओढून सोडून दिली होती. उजवा डोळा मिटेना. नवऱ्याने तिला तसंच उचलून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हा मेंदूचा झटका नाही, चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे. गोळ्या दिल्या, डोळ्यात टाकायचे थेंब दिले, झोपताना पापणीवर लावायला पट्टी दिली.

‘बहुतेकांचं बरं होतं,’ ते म्हणाले. ‘किती आणि कधी, ते मात्र आज सांगता येणार नाही.’

‘मी ट्रम्पेट वाजवते,’ ती म्हणाली. ‘वाजवते’ म्हणताना तिचा व नीट निघाला नाही.

‘आधी पाणी नीट प्यायला लागा,’ डॉक्टर म्हणाले. वाईट हेतूने नाही म्हणाले, पण तिच्या काळजाला ते लागलं ते लागलंच.

चार दिवसांनी ती कामावर गेली. पॉवर तपासायच्या यंत्राला वीस वर्षं तिने उजवा डोळा लावला होता. आता डावा लावायला लागली. पहिल्या दिवशी दोन काचांवर मध्याची खूण चुकली, तेव्हा तिने स्वतःलाच चार शब्द सुनावले आणि त्या आठवड्यात प्रत्येक काच दोनदा तपासली. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून तो गालाला टेकतो का, कानामागे दुखतो का, हे बघायची तिची सवय. आता गिऱ्हाईक तिचा गाल बघायचं आणि चटकन नजर काढून घ्यायचं. मालकांनी हळूच सुचवलं, की काही दिवस समोर येऊ नका, मागेच बसा. ती म्हणाली, ‘काचा मी बसवते, साहेब, मग घालूनही मीच बघणार.’ विषय तिथेच मिटला.

जिद्द म्हणाल तर तिच्यात ती पहिल्यापासून. व्यायामवाल्या मॅडमनी तिला तोंडाचे बारीक बारीक व्यायाम दिले होते. आरशासमोर उभं राहायचं आणि प, फ, ब, भ, म ही अक्षरं सावकाश म्हणायची. जोर लावायचा नाही, घाई करायची नाही. दुकानातली डोळे तपासायची खोली लांबीला कमी होती, म्हणून तिथे पाठीमागच्या भिंतीवर उलट्या अक्षरांचा तक्ता आणि समोर मोठा आरसा होता. गिऱ्हाइकाने आरशात बघून अक्षरं वाचायची. दुकान उघडायच्या आधी अर्धा तास ती त्या खुर्चीत बसायची आणि प, फ, ब, भ, म. फ तर तोंडातून न निघता कोपऱ्यातूनच पसार व्हायचा. चौथ्या आठवड्यात म परत आला. सहाव्या आठवड्यात ब. पापणी मिटायला लागली. सातव्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, ‘आता ट्रम्पेटवर हलकं फुंकून बघायला हरकत नाही. दमलात की थांबायचं.’

आणि इथे आपल्या जिद्दीच्या बाईने कच खाल्ली. पेटी पलंगाखाली होती, ती तिथेच राहिली. प, फ, ब, भ, म ती दिवसातून चार वेळा म्हणायची, पण पेटीचं नाव काढायची नाही. फुंकलं नाही तोवर वाजेलही अशी आशा होती. फुंकलं आणि नाही वाजलं, तर?

ग्रुपमध्ये तिने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. त्याला कारण मेजर. मेजर म्हणून एक वयस्कर सभासद होते, उत्तम वाजवायचे, तोंडाने तिखट. दोन वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात घसरले आणि समोरचे तीन दात गेले. त्यांनी ते ग्रुपवर कळवलं. एकामागून एक चाळीस जणांनी लिहिलं, ‘काळजी घ्या.’ खाली जोडलेले हात. त्यानंतर मेजरची कुणी टिंगल केली नाही, कुठल्या सरावावर अडलात असं विचारलं नाही, त्यांच्या तिखट बोलण्याला कुणी उलट टोला दिला नाही. सगळे त्यांच्याशी जपून, हळू आवाजात बोलायचे. दोन महिन्यांनी एका दुपारी ग्रुपवर करड्या अक्षरांत ओळ आली, मेजर बाहेर पडले म्हणून. ‘काळजी घ्या’ लिहिणाऱ्यांत चष्मेवालीही होती. तिने जोडलेले हात दोनदा टाकले होते, आणि ते तिला आजही खुपायचं.

म्हणून तिने ठरवलं, की आपल्यावर ती पाळी येऊ द्यायची नाही. ‘सराव’ खोलीत ती नुसता अंगठा दाखवायची. त्याच सुमारास सगळ्यांनी मिळून एक मार्च, म्हणजे संचलनाची धून, ध्वनिमुद्रित करायचा बेत निघाला. प्रत्येकाने घरी आपला भाग वाजवायचा आणि गणितबाईंनी ते सगळे जोडायचे. दोन महिन्यांची मुदत होती. बहुतेकांनी आपापला भाग मागून घेतला, हिने नाही. अवांतरमध्ये मात्र ती पूर्वी कधी नव्हती एवढी बोलायला लागली, कारण तिथे ट्रम्पेटबद्दल विचारायची कुणाची टाप नव्हती. पंचांच्या नियमाआड ती सुखाने लपून बसली होती. मांजरं, मोजे, गच्चीवरची टाकी, गणितबाईंच्या वर्गातल्या भन्नाट सबबी, सगळ्यात ही पुढे. ‘चष्मेवाली हल्ली फॉर्मात आहे,’ असं बेकरीवाल्याने लिहिलं, तेव्हा ती डाव्या गालाने हसली.

अकराव्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, बेकरीवाल्याने अवांतरमध्ये गाऱ्हाणं मांडलं. त्याच्या दुकानाच्या शटरचं कुलूप अडकायला लागलं होतं. किल्ली अर्धी जायची आणि रुसायची. पहाटे पाव तयार, गिऱ्हाईक दारात आणि मालक बाहेर उकिडवा बसून कुलपाची मनधरणी करतोय. गणितबाई म्हणाल्या, पेन्सिलीची पूड घाला. पंच म्हणाले, हातोडी घाला. चष्मेवाली तेव्हा एका चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवत होती. एका हातात पेचकस, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने लिहिलं, ‘काही नको. दोन थेंब व्हॉल्व्ह ऑइल सोडा. उद्या किल्ली लोण्यातून फिरेल.’

व्हॉल्व्ह ऑइल म्हणजे ट्रम्पेटच्या बटणांचं तेल. बोटभर बाटलीत मिळतं. जगात अडकणारी प्रत्येक वस्तू, मग ती कात्री असो, सायकल असो की कपाटाची कडी, या तेलाने सुटते अशी यच्चयावत ट्रम्पेटवाल्यांची श्रद्धा आहे. जन्मात ट्रम्पेट हातात न धरलेल्या माणसाच्या बोटातून ही ओळ उतरलीच नसती. लिहून पाठवली आणि दुसऱ्या क्षणी तिच्या लक्षात आलं. पुसायला गेली, तोवर पंच हजर.

‘शिट्टी,’ पंचांनी लिहिलं. ‘चष्मेवाली. तेल. उद्या सहाच्या आत.’

ग्रुपला उधाण आलं. आठ वर्षांत ही बाई एकदाही सापडली नव्हती. बेकरीवाल्याने लिहिलं, की या आनंदात आपण शटर फोडून टाकायलाही तयार आहोत. गणितबाईंनी वीस सेकंदांसाठी घड्याळाला चावी दिल्याचं जाहीर केलं. चष्मेवालीच्या हातातला स्क्रू घरंगळून टेबलाखाली गेला. तिने तो शोधला नाही.

‘ट्रम्पेट दुरुस्तीला दिलंय,’ तिने ठोकून दिलं.

‘माउथपीस तर घरी असेल,’ पंचांचं उत्तर आलं. ‘नुसत्या माउथपीसवर चालेल. आम्ही दयाळू आहोत.’

खोटं बोलायला बसलं तर माउथपीसही हरवावा लागणार होता, आणि मग आणखी काय काय हरवावं लागलं असतं कोण जाणे.

संध्याकाळी घरी ताटं वाढताना तिने नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगून टाकलं, ‘मी ग्रुप सोडतेय.’ का, तेही सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज चिरकला, आणि तो चिरकला याचाच तिला राग आला.

‘सोड की,’ सासूबाई म्हणाल्या. ‘म्हणजे ती बेचाळीस माणसं सुटली आणि आम्ही दोघं तुझ्या तावडीत राहिलो.’

‘आई, चेष्टा करू नका. ते सगळे काळजी घ्या म्हणतील.’

‘मला कुणी काळजी घ्या म्हटलं की मला काठी घ्यावीशी वाटते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पण म्हणून मी लोकांत जायची थांबले का?’

नवरा पाण्याचे मीटर वाचायच्या कामावर होता. दिवसभर जिने चढून, वाकून, लोकांच्या कुत्र्यांना चुकवून आकडे लिहायचे, आणि घरी बोलायचं कमी, हा त्याचा स्वभाव. त्याने घास संपवला.

‘लोक मला सांगतात, मीटर बंद आहे, नका बघू,’ तो म्हणाला. ‘तरी झाकण उघडून बघावं लागतं. शून्य असलं तर शून्य लिहायचं. न बघता काय लिहिणार?’

‘आणि शून्यच निघालं तर, अहो?’

‘तर निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल.’

तिने हात धुतले, पलंगाखालून पेटी ओढून काढली आणि दाराशी, चपलांच्या शेजारी ठेवली.

बुधवारी ती दुकानात तासभर आधी पोचली. डोळे तपासायच्या खोलीत आरशासमोर बसून तिने आधी नुसता माउथपीस ओठांना लावला. गार लागला, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. फुंकर मारली. उजव्या कोपऱ्यातून हवा फुस्स करून निघून गेली. सूर नाही, सुराची सावलीही नाही. पुन्हा. पुन्हा फुस्स. ट्रम्पेटला लावून बघितलं, तर नळीतून नुसती हवा वाहिली. दहा वेळा करून ती थांबली, मॅडमनी सांगितलं होतं तशी. डोळ्यात पाणी आलं. ते उजव्या डोळ्याचं नेहमीचं पाणी आहे असं तिने ठरवलं, पण डाव्यातूनही येत होतं, तेव्हा तो युक्तिवाद टिकला नाही. तिने तोंड पुसलं, दुकान उघडलं आणि सकाळभरात सहा चष्मे बसवले.

जेवणाच्या सुट्टीत पुन्हा बसली. आता ती घाबरायची थांबली होती, कारण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं: शून्य आलं होतं. मग तिने एखादी चुकीची बसलेली काच बघावी तसं आरशात स्वतःचं तोंड बघायला सुरुवात केली. काच हलते कुठे? डावीकडे ओठ घट्ट होता. मधे बरा होता. गळती होती ती फक्त उजव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत. सैल फ्रेम असती तर तिने काय केलं असतं? खालून आधार दिला असता.

ट्रम्पेट डाव्या हातात धरतात. उजवा हात बटणांसाठी. आणि मधल्या जीला बटण लागत नाही. तिचा उजवा हात रिकामाच होता.

तिने उजव्या हाताचं पहिलं बोट ओठाच्या कोपऱ्याखाली ठेवलं, हलकेच वर उचललं, आणि फुंकलं. आधी फुस्स आलं, मग एक खरखर, आणि त्या खरखरीतून, पडत धडपडत, जी बाहेर आला. दोन सेकंदांत निसटला. पण होता तो जीच. चष्मेवाली आरशाकडे बघत बसली. ओठाखाली बोट, अर्धा चेहरा लाल, नाकाचं टोक ओलं. इतकी ध्यान दिसत होती, की तिला स्वतःचंच हसू आलं.

दुपारभर गिऱ्हाइकांमधल्या फटी शोधून ती पाच-पाच मिनिटं वाजवत राहिली. मालक एकदा डोकावले, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि दार लोटून घेऊन परत गेले. तीन सेकंद. पाच. पुन्हा तीन. साडेपाचला नऊ झाले. ओठ आता थरथरत होता. आणखी ओढला असता तर उद्याचंही गेलं असतं. तिने तेच ध्वनिमुद्रण घेतलं आणि पाठवताना वर लिहिलं:

‘ट्रम्पेट दुरुस्तीला दिलेलं नाही, ते खोटं होतं. अकरा आठवड्यांपूर्वी माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. थोडी परत आली आहे. आज पहिल्यांदाच वाजवलं. ओठाला बोटाचा आधार देऊन नऊ सेकंद झाले. एवढंच आहे.’

पाठवलं, आणि फोन टेबलावर पालथा घातला. दोन मिनिटांत सुलटा केला. ग्रुपवर चिडीचूप. मग पडद्यावर आलं, ‘पंच लिहीत आहेत.’ अक्षरं गेली. पंचांनी काही पाठवलं नाही. पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदाही तसंच. ते तीनदा काय लिहीत होते आणि काय पुसत होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनेही कधीकाळी ते दोन शब्द किती सहज लिहिले होते. चुकलंच आपलं, तिला वाटलं. आता चाळीस जोडलेले हात येणार, आणि आपण मेजर होणार.

सहाला चार मिनिटं कमी असताना पंचांचा निकाल आला.

‘ध्वनिमुद्रण ऐकलं. नियम वीस सेकंदांचा आहे. नऊ भरतात. दंड अमान्य. ओठाला बोट लावू नये असं नियमात कुठेही नाही, त्यामुळे बोट ग्राह्य. खोटं बोलल्याबद्दल ताकीद. उद्या सहाच्या आत पुन्हा.’

तिने ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग खाली गणितबाई आल्या. त्यांनी मोजलेले सेकंद नऊ पूर्णांक चार होते, आणि पंचांनी चार दशांश खाल्ले ही त्यांची तक्रार होती. बेकरीवाल्याने लिहिलं, की नऊ सेकंदांत मांजर माळ्यावर गेलं नाही, फक्त उठून बसलं, सबब सुराला अजून धार हवी. कुणीतरी विचारलं, बोट कुठलं वापरलं, कारण आपल्यालाही वरचा सूर गाठायला एखादं बोट हवंच होतं. पंचांनी त्यालाही ताकीद दिली. चष्मेवाली डोळे तपासायच्या खुर्चीत बसून मोठ्याने हसली, आणि हसता हसता रडली, आणि यावेळी कुठल्या डोळ्यातून किती, याचा हिशेब तिने ठेवला नाही. अकरा आठवडे जे ओझं ती एकटी वागवत होती ते उतरलं होतं. तिची कुणी कीव केली नव्हती. तिचे अकरा सेकंद कमी पडले होते, आणि ते तिला भरायचे होते.

दुसऱ्या दिवशी आठच भरले.

‘आठ,’ पंचांनी लिहिलं. ‘कालच्याहून कमी. कारण?’

‘हसू आलं.’

‘कारण अमान्य. उद्या.’

मग हे रोजचंच झालं. सकाळी प, फ, ब, भ, म, दुपारी जी, संध्याकाळी सहाच्या आत निकाल. दहा. अकरा. सात, कारण आदल्या दिवशी तिने हट्टाने जास्त वाजवून ओठ दमवला होता. त्याबद्दल मॅडमनीही झापलं आणि पंचांनीही. बारा. एका नव्या सभासदाने मधेच लिहिलं, ‘ताई, एवढी घाई कशाला? काळजी घ्या.’ त्यावर पंचांनी कळवलं, ‘खेळ चालू असताना प्रेक्षकांनी मैदानात उतरू नये.’ नव्या सभासदाने माफी मागितली. कुणीतरी त्याला समजावलं, की ही माफी मागायची जागा नाही, टिंगल करायची आहे. तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याने चष्मेवालीच्या जीची तुलना कुकरच्या शिट्टीशी केली आणि तिने त्याला असा काही फैलावर घेतला, की तो त्या दिवसापासून ग्रुपचा झाला.

एकोणिसाव्या दिवशी तिने बोट काढून बघितलं. सूर डगमगला, उजवीकडून थोडी हवा सुटली, पण तो पडला नाही. सहा सेकंद आले. ‘बोटाशिवाय सहा,’ तिने लिहिलं, आणि पंचांनी विचारलं, की बोटासह चौदा हातात असताना सहा पाठवण्यात कुठलं शहाणपण आहे. शहाणपण नव्हतंच. पण तिला आता बोट नको होतं, आणि नको म्हणजे नको. सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

चौतिसाव्या दिवशी, दुपारी, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, तिने आरशाकडे न बघता वाजवलं. उजवी भुवई अजून नीट वर जात नव्हती, पुढे कधी जाईल की नाही कुणी सांगू शकत नव्हतं. सूर खरखरीत होता. शेवटच्या चार सेकंदांत तो थरथरला, तिने पोटातून उरलासुरला श्वास काढून त्याला दिला, आणि तो टिकला. तिने पाठवलं. सोबत काही लिहिलं नाही.

‘वीस,’ पंचांनी लिहिलं. ‘दंड पूर्ण. खोली पूर्ववत.’

अभिनंदन कुणी केलं नाही. पुढच्याच मिनिटाला बेकरीवाल्याने विचारलं, की नवीन गादी घेतल्यावर तिच्यावरचं प्लास्टिक किती दिवस ठेवायचं असतं, आणि गणितबाईंनी, ठेवायचं नसतंच, असं ठणकावून सांगितलं, आणि अवांतरमध्ये नवी लढाई जुंपली. चष्मेवालीने ती थोडा वेळ वाचली. मग ती तिथून बाहेर पडली आणि ‘सराव’ खोलीत गेली. चार महिने तिथे तिने अंगठ्यापलीकडे काही टाकलं नव्हतं.

‘मार्चमधला एखादा भाग शिल्लक आहे का?’ तिने विचारलं.

‘दुसरा आहे आणि तिसरा आहे,’ गणितबाईंचं उत्तर लगेच आलं. ‘मुदतीला सोळा दिवस आहेत. कुठला हवा?’

‘ज्यात जी जास्त असतील तो.’

गणितबाईंनी थोडा वेळ घेतला. बहुधा खरंच मोजत होत्या.

‘तिसरा. अठ्ठेचाळीस जी आहेत. पण बाकीचेही सूर आहेत हं त्यात, एकशे बारा.’

बाहेर काउंटरवर कुणीतरी चष्मा घ्यायला आलं होतं. चष्मेवालीने ट्रम्पेट मांडीवरून उचलून पेटीत ठेवलं.

‘पाठवा,’ तिने लिहिलं.